दूध न येणाऱ्या घराची राखण : दोन सेवांचा अनुभव

कोल्हापुरातल्या आमच्या घरात गेली नऊ वर्षे माणसांच्या खाण्यासाठी दूध, दही, तूप, मध, अंडी आणि मांस यांपैकी काहीही येत नाही. घरात दोन गावठी कुत्री आणि एक मांजर असल्यामुळे दाराला कुलूप लावून परगावी जाणेही आम्हा दोघांना शक्य होत नाही. गेल्या वर्षी मात्र मुलीकडे बंगळूरला दोनदा जावे लागले, माघात तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी अकरा दिवस आणि आषाढात तिच्या बाळंतपणासाठी चौतीस दिवस. दोन्ही वेळा घरात राहून घर आणि जनावरे सांभाळणारे माणूस, ज्याला हल्ली हाऊस सिटर म्हणतात, आम्ही पैसे देऊन आणले. पहिल्या वेळी ते बाहेरच्या एका कंपनीच्या ॲपवरून मिळाले, तर दुसऱ्या वेळी कोल्हापुरातच ओळखीपाळखीतून चालणाऱ्या एका लहानशा सेवेकडून. पहिल्या कंपनीविषयी तक्रार असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. दुसऱ्या सेवेच्या चालकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, कारण असलेल्या घरांनाच त्यांची माणसे पुरत नाहीत. तरीही दोघांच्या कामाच्या पद्धतीत जो फरक होता, तो आमच्यासारख्या व्हीगन, म्हणजे कोणतेही प्राणिज अन्न न खाणाऱ्या, घरांना उपयोगी पडेल, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

ॲपवरील नोंदणीच्या अर्जात आहाराविषयी एकच प्रश्न होता आणि त्याला ‘शाकाहारी’ व ‘मांसाहारी’ एवढी दोनच उत्तरे होती. मी ‘शाकाहारी’वर खूण केली आणि खाली सूचनांच्या चौकटीत आमचे घर व्हीगन असल्याचे लिहिले. आलेला तरुण सालस होता, चारित्र्य पडताळणीचा दाखला त्याच्याजवळ होता, आणि ‘मी जन्मापासून शुद्ध शाकाहारी आहे’ असे त्याने आपणहून सांगितले. त्या अकरा दिवसांत घरात मांस आले नाही, झाडांना वेळेवर पाणी मिळाले आणि एक वस्तूसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. मात्र रोज सकाळी दुधाची पिशवी आली, ती आमच्याच पातेल्यात तापवली गेली, महाशिवरात्रीला देवघरात पंचामृताचा अभिषेक झाला, आणि ज्या समईत आम्ही तिळाचे तेल घालतो तिच्यात तूप घातले गेले. थोरल्या कुत्र्याला त्याने मायेने रोज दूध-चपाती कुस्करून घातली. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही, आणि आमच्या कुत्र्याचेही पोट चौथ्या दिवशी बिघडले. आम्ही परतलो तेव्हाही तो नीट खात नव्हता.

त्या मुलावर माझा राग नाही, कारण आपण नियम पाळले अशीच त्याची प्रामाणिक समजूत होती. राग आहे तो कंपनीवर. सूचनांच्या चौकटीत मी लिहिलेला मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि मी तक्रार केली तेव्हा ‘मागणीनुसार शाकाहारी व्यक्ती पुरवलेली आहे’ असे दोन ओळींचे उत्तर आले. जनावरांच्या डॉक्टरांचा खर्च तर दूरच, साधी दिलगिरीही त्या उत्तरात नव्हती.

या ठिकाणी ‘शाकाहारी’ हा शब्दच किती अपुरा आहे, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे शाकाहारी म्हणजे मटण-मासे न खाणारा. दूध हे शाकाहाराच्या बाहेरचे असू शकते, ही कल्पनाच सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्या शहरात गंगावेशीच्या आणि मिरजकर तिकटीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात मिळतो आणि जिथे पैलवानांच्या पिढ्या दूध-तुपावर पोसल्या गेल्या, तिथे दूध नाकारणे हे अनेकांना आजारपणाचे पथ्य वाटते. माझे बालपण पन्हाळा तालुक्यात म्हशींच्या गोठ्यातच गेले. पारडी झाली की घरात आनंद होई, आणि नर रेडकू झाले की त्याच्या वाट्याचे दूध हळूहळू कमी होत जाई व एके दिवशी ते दाव्यावर दिसेनासे होई. ते आठवूनच मी दूध सोडले. हे कारण न सांगता नुसता ‘व्हीगन’ शब्द कागदावर लिहिला, तर समोरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही, ही चूक मात्र माझी होती.

वेष्टनावरच्या हिरव्या ठिपक्यानेही असाच घोटाळा होतो. तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, आणि दूध व मध त्या व्याख्येत बसतात. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली वेगळे नियम आणि वेगळे हिरवे चिन्ह आणले, परंतु आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ते चिन्ह क्वचितच दिसते. त्यामुळे बिस्किटाचा पुडा घरात आणायचा असेल तर मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून दुधाची भुकटी, लोणी किंवा मठ्ठ्याची भुकटी त्यात आहे का, हे पाहणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. घर राखायला येणाऱ्याला हे आधी दाखवावे लागते. सांगितल्यावर कोणीही ते दोन मिनिटांत शिकतो.

दुसरी सेवा चालवणारे जोडपे निवृत्त आहे आणि त्यांच्याकडची बहुतेक माणसेही निवृत्तच आहेत. फोनवर बोलणे झाल्यावर त्या बाई स्वतः घरी आल्या आणि जवळजवळ दोन तास स्वयंपाकघरात बसल्या. ‘तुम्हाला माणूस शाकाहारीच हवा, की तुमच्या घरात शाकाहार पाळणारा हवा?’ हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. त्यापुढे त्यांनी असेही स्पष्ट सांगितले की, आहाराच्या नावाखाली आडनाव आणि जात विचारणारी घरे त्या घेत नाहीत. मला हे अतिशय योग्य वाटले. भाड्याचे घर देताना ‘फक्त शाकाहारी’ या दोन शब्दांआड काय विचारले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या गावात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सर्वांसमक्ष चहा घेत असत, तिथे आमच्या नियमाचा कोणी सोवळ्याशी संबंध जोडला तर मला ते फार लागते. सोवळे माणसाला दूर ठेवण्यासाठी असते, आणि आमचा नियम केवळ जनावरांविषयी आहे. त्यामुळे घराबाहेर त्या माणसाने काय खावे, त्याच्या पायांत कातडी चप्पल आहे की रबरी, यांत आम्ही पडत नाही. आमच्या चुलीवर, आमच्या भांड्यांत आणि आमच्या फ्रीजमध्ये प्राणिज काही येऊ नये, इतकीच आमची मागणी आहे.

त्यांचा दुसरा अवघड प्रश्न मांजराविषयी होता. मांजराला मांसाचा खुराक असतो हे त्यांनी ओट्याशेजारचे डबे पाहून ओळखले आणि ‘मग आमच्या माणसाने अंडे का उकडायचे नाही, असे त्याने विचारले तर काय सांगू?’ असे सरळ विचारले. उत्तर द्यायला मला आनंदच वाटला, कारण या प्रश्नाला बगल देणारी व्हीगन घरेही मी पाहिली आहेत. टॉरिन हे द्रव्य मांजराला आपल्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही, निसर्गतः ते प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि ते कमी पडले की मांजराची दृष्टी जाऊ शकते व हृदय निकामी होऊ शकते. कुत्र्याचे तसे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली समतोल राखला तर कुत्रा वनस्पतिजन्य आहारावर राहू शकतो. आमच्या मांजराचा खुराक परसातल्या कट्ट्यावर वेगळ्या ताटलीत दिला जातो आणि ती ताटली तिथेच धुतली जाते. मांजराला दुसरा पर्याय नाही आणि माणसाला आहे, एवढाच आमचा मुद्दा आहे. बाईंनी हे सगळे वहीत उतरवून घेतले आणि आमच्याकडून चार पानी सूचनापत्र लिहून मागितले. कुत्र्यांना कांदा-लसूण चटणी घातलेला रस्सा किंवा उरलेली भाजी चुकूनही घालू नये, हे त्यात ठळक लिहायला त्यांनीच सुचवले. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात आणि आपल्याकडे तर कांदा-लसणाशिवाय फोडणी पडत नाही.

त्यांनी पाठवलेले गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले, तरुणपणी तालमीत घुमलेले आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे मनापासून शौकीन होते. माझे यजमान जरा साशंक झाले. त्या गृहस्थांनी सूचनापत्र वाचले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, “बाई, आमची आई माळकरीण होती. तिच्या चुलीवर आम्ही कधी रस्सा चढवला न्हाई. तुमचं बी तसंच समजतो, फकस्त दूध वाढलं.” चार पानांत मला जे नीट सांगता आले नव्हते, ते त्यांनी या एका वाक्यात सांगितले. गळ्यात माळ घातलेल्या माणसाच्या घरचा नियम आपल्या भागात खाणाऱ्यालाही कळतो आणि तो मोडण्यात कोणी मोठेपणा मानत नाही. त्यानंतर मी ज्या ज्या घरांना सल्ला दिला, त्यांना हेच सांगितले आहे की ‘व्हीगन’ची व्याख्या समजावण्याआधी माळकऱ्याचे घर आठवायला सांगा.

आषाढ हा आपल्याकडे मटणाचा महिना आणि त्र्यंबोली देवीच्या यात्रेचे ते दिवस. पी ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या सुरात पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाई टेकडीवर जाते आणि गल्लोगल्ली जेवणे होतात. त्यांच्या मंडळाची यात्रा आमच्या गैरहजेरीतच झाली. ते मंडळात जाऊन जेवले, आणि त्यांच्या नावाने आमच्या घरी आलेला मटणाचा वाटा त्यांनी फाटकातूनच पुतण्याकडे पाठवून दिला, हे शेजारच्या वहिनींनी मला नंतर सांगितले. त्यांनी स्वतः याची वाच्यताही केली नव्हती. चहासाठी पहिले दोन दिवस त्यांना अवघड गेले. मग मी फोनवर सांगितल्याप्रमाणे वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवून, सकाळी वाटून, फडक्यातून गाळून ते दूध काढू लागले. मंद आचेवर सतत ढवळत राहिले तर ते तळाला लागत नाही, ही खूण त्यांना चौथ्या दिवशी साधली. त्याच दुधात हिरव्या मिरचीची देठे टाकून विरजण लावायलाही ते शिकले. जुलैच्या अखेरीस राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली तेव्हा चालकबाई रोज संध्याकाळी त्यांना आणि आम्हाला फोन करत होत्या. पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकलेच तर तिन्ही जनावरांना कुठे न्यायचे आणि त्यांच्या खुराकाच्या डब्यांवर काय लिहायचे, हेही त्यांनी ठरवून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

या सेवेतही उणिवा आहेत. मधेच एका रात्री या गृहस्थांना नात्यातील मयतीसाठी गडहिंग्लजला जावे लागले आणि त्यांच्या बदली जो माणूस आला, त्याला आमचे सूचनापत्र कोणी दिलेच नाही. तो घरून तूप लावलेल्या चपात्यांचा डबा घेऊन आला, आमच्याच तव्यावर त्या गरम केल्या आणि सोबत आणलेली क्रीमची बिस्किटे धाकट्या कुत्र्यालाही दिली. एका रात्रीपुरतेच असले, तरी बिडाचा तवा तेल-तूप धरून ठेवतो, आणि तो पुन्हा भाजून, घासून तयार करण्यात माझा पूर्ण दिवस गेला. चालकबाईंनी चूक लगेच मान्य केली, त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत आणि आता प्रत्येक घराचे पत्र स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवण्याची पद्धत सुरू केली आहे. दुसरी अडचण दराची आहे. ॲपवर आम्ही दिवसाला ६५० रुपये दिले होते, येथे १,१०० रुपये आणि किराणा वेगळा पडला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना चौतीस दिवसांची ही रक्कम जड जाते. शिवाय गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत त्यांच्याकडे कोणीच उपलब्ध नसते, कारण त्यांची माणसे तेव्हा आपापल्या घरी असतात, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही.

व्हीगन असलेलाच माणूस मिळावा, असा आग्रह धरणारे काही स्नेही आहेत. मीही आधी तसाच शोध घेतला होता, पण मुक्कामाला येऊ शकेल असे कोणी आम्हाला कोल्हापुरात मिळाले नाही. आता मिळाले तरी मी एवढ्या एका गोष्टीवर माणूस निवडणार नाही. दुसऱ्याच्या घरचा नियम पूर्वी कधी पाळला आहे का, कोणाच्या घरी आणि किती दिवस, हे मी आधी विचारीन, आणि त्याचे उत्तर देताना तो काय काय आठवून सांगतो ते लक्ष देऊन ऐकेन. कंपनीच्या अर्जात या प्रश्नाला जागा नव्हती आणि बाईंच्या वहीत तोच पहिल्या पानावर होता.

येत्या चैत्रात नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधीच आम्हाला पुन्हा बंगळूरला जायचे आहे. त्या वीस दिवसांसाठी आम्ही त्याच गृहस्थांची नोंदणी केली असून निम्मी रक्कम आगाऊ भरली आहे. बदली माणूस पाठवावा लागला तर तो आमच्याकडे आधी एक दिवस येऊन जाईल, अशी अट या वेळी करारात लिहून घेतली आहे.