नवी इमारत की सामाईक वेळापत्रक?
एकाच जिल्ह्याचं कार्यक्षेत्र असलेल्या सोलापूर विद्यापीठासारख्या ठिकाणी वर्गखोल्या कमी पडल्या, तर बांधकामाआधी वापर मोजावा. समजा, ६० आसनांची खोली आठवड्याच्या ४८ तासांपैकी २४ तास लागते आणि सरासरी ३० मुलं बसतात: ५० टक्के गुणिले ५० टक्के, म्हणजे खरा वापर फक्त २५ टक्के! नव्या इमारतीमागे वीज, सफाई, डागडुजी कायमची लागते. सामाईक वेळापत्रक त्या मानाने फुकटच. पण विभागांनी खोलीची किल्ली सोडायला हवी, घोडं अडतं ते तिथंच. शिवाय एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, दुपारचे तास कागदावरच राहतात. ते सकाळी सातला लावा. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा मात्र अशी वाटून घेता येत नाही, तिथं बांधकामच रास्त.