बाळाच्या झटक्यांच्या गोळ्या घरपोच मागवल्या आणि ९७,८६४ रुपये गेले

औषधाचे ९,३६० रुपये. कुरिअरचे ५ रुपये. त्यानंतर ४९,९९९ आणि ३८,५००. एकूण ९७,८६४ रुपये गेले आणि औषधाची एक गोळीसुद्धा हाती आली नाही. लिहायला लाज वाटते, माहेरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तरीही लिहितेय, कारण औषधाच्या नावाने फसवणारे हे लोक आजारी मूल असलेली घरंच हेरतात आणि आपल्यासारखे आईबाप त्यांना रोज सापडतात.

माझ्या मुलाला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे, म्हणजे मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जन्मजात आजार. तो सव्वा वर्षाचा आहे. झटक्यांसाठी मुंबईच्या हॉस्पिटलने व्हिगाबॅट्रिन लिहून दिलंय. ज्यांनी हे झटके पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. झोपेतून उठला की मान एकदम खाली जाते, दोन्ही हात बाहेर फेकले जातात, अंग घट्ट होतं, सुटतं, आणि लगेच पुन्हा. एकामागून एक. ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिली पाण्यात विरघळवायची आणि त्यातलं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं तेवढंच सिरिंजने तोंडात सोडायचं. हे औषध अचानक बंद झालं तर झटके उसळतात, हे डिस्चार्जच्या वेळी आम्हाला बजावून सांगितलं होतं. आणि आम्ही राहतो चिपळूणला. इथल्या कुठल्याही मेडिकलच्या कपाटात हे औषध पडून नसतं.

आतापर्यंत माझे दीर परळला हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून गोळ्या घ्यायचे आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे द्यायचे. त्यांची नागपूरला बदली झाली. गोळ्या संपत आल्या, घरात दुसरं कुणी मुंबईला जाण्यासारखं नाही, म्हणून मोबाइलवर औषधाचं नाव टाकलं. सगळ्यात वर जाहिरात आली, 'हॉस्पिटलची औषधं महाराष्ट्रभर घरपोच'. नंबरवर व्हॉट्सअॅप केलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा फोटो मागितला, मी पाठवला. परवानाधारक दुकानदारसुद्धा प्रिस्क्रिप्शन मागतोच ना?

मग एका माणसाचा फोन आला. पहिला प्रश्न काय, तर "ताई, बाळाचं वजन आता किती? मागच्या व्हिजिटनंतर डोस वाढवलाय का?" जे मला गाढव ठरवतात त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. या औषधाचा डोस वजनावर ठरतो. हा प्रश्न आमचे डॉक्टर विचारतात. समोरचा माणूस औषधातला आहे असं कुठल्या आईला वाटणार नाही? आज कळतं की हे सगळं मीच पाठवलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. वजन, डोस, बाळाचं नाव, पुढची तारीख. प्रिस्क्रिप्शनच्या एका फोटोत चोराला आपल्या घराची सगळी नस सापडते.

बिल आलं. त्यावर औषध विक्रीचा परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक, बाळाचं नाव, डॉक्टरांचं नाव, सगळं होतं. ९,३६० भरताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता एका बाईचं नाव आलं. खटकलं. पण आमच्या आळीतल्या मेडिकलच्या क्यूआरवरही मालकाच्या बायकोचंच नाव येतं, दूधवाल्याच्याही तसंच. बिलावर फर्म आणि पैसे व्यक्तीच्या खात्यात, असं दिसलं तर तिथेच थांबा, कारण काहीही सांगोत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'कुरिअर'चा फोन. पार्सल कळंबोलीला अडकलंय, पत्त्यात घर नंबर नाही, ५ रुपये भरून पत्ता दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल. व्हॉट्सअॅपवर एक फाइल आली, 'पार्सल ट्रॅकिंग'. आता मी जे सांगतेय ते नीट वाचा. फाइल उघडल्यावर फोनने विचारलं, या अॅपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का? पार्सल शोधणाऱ्या अॅपला माझे एसएमएस कशाला हवेत? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. खरंच आला होता. त्याच वेळी बाळ झोपेतून उठलं आणि झटके सुरू झाले. एका हाताने त्याला कुशीवर धरलंय, दुसऱ्या हातात फोन, कानात तो माणूस, "मॅडम, लवकर करा, गाडी सुटतेय." डब्यात शेवटच्या काही गोळ्या. मी 'परवानगी द्या' दाबलं, पिन टाकून ५ रुपये भरले. ते बटण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण त्या क्षणी माझ्या जागी असलेली कुठलीही आई तेच करेल, आणि त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. प्ले स्टोअरच्या बाहेरून, व्हॉट्सअॅपवर आलेलं कुठलंही अॅप टाकू नका. टाकलं गेलं तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा.

७ वाजून ५२ मिनिटांनी ४९,९९९ गेल्याचा मेसेज आला. मी ताबडतोब बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा. ८ वाजून ४ मिनिटांनी माणूस बोलला. ८ वाजून ११ मिनिटांनी तक्रार क्रमांक आला, "खातं ब्लॉक केलंय मॅडम" असंही सांगितलं. आणि ८ वाजून २६ मिनिटांनी त्याच खात्यातून आणखी ३८,५०० गेले. तक्रार नोंदवल्यानंतर! बँकेचं उत्तर काय, तर "अॅप तुम्ही टाकलं, पिन तुम्ही दिला, जबाबदारी तुमची."

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी मग शोधून वाचलं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं असं धरलं, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात ते नुकसान बँकेचं, असं त्यात स्पष्ट आहे. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच आहे. मी प्रिंट काढून शाखेत नेली. मॅनेजरने कागद हातातसुद्धा घेतला नाही. "वर पाठवतो" म्हणाला. म्हणून सांगते, तक्रार क्रमांकाचा मेसेज आणि त्यावरची वेळ जपून ठेवा, तोंडी आश्वासनाला शून्य किंमत आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा असं झटकून टाकलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेले आहे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लागला, पावती क्रमांक मिळाला, तेवढं तरी झालं. पोलीस ठाण्यात मात्र पहिलं वाक्य, "शिकलेल्या दिसता, तरी कसं काय?" माझं मूल कडेवर होतं. गुन्हा नोंदवायला तयार नाहीत, साधा अर्ज घेतला, वर "रत्नागिरीला सायबरकडे जा." रत्नागिरीत विचारतात, "तुमच्या ठाण्यात दिला ना अर्ज?" १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. हे मी बोलून दाखवलं तर साहेबांना राग आला. चोराचा राग आला नाही, माझा आला. अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

आणि अन्न व औषध प्रशासन! त्यांना बिल दाखवलं. उत्तर मिळालं, "औषधच मिळालं नाही, तर नमुना कशाचा घेणार?" अहो, बिलावर तुमच्याच खात्याचा परवाना क्रमांक आहे, तो तरी तपासा. शेवटी मीच शोधून काढलं. तो क्रमांक दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खऱ्या मेडिकलचा निघाला. त्या दुकानदाराला याची कल्पनाच नव्हती, कुणीतरी त्याचं बिल उचलून वर नाव बदललेलं. फोनवर तोही हादरला. जे काम मी पोराला मांडीवर घेऊन केलं, ते खात्याला का करवत नाही? मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी काढलेल्या अधिसूचनेत औषधं घरपोच द्यायची मुभा दिली, तीही परवानाधारक दुकानाने त्याच महसुली जिल्ह्यात. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ चा. आणि जाहिराती मात्र 'महाराष्ट्रभर घरपोच' म्हणून उघड चालतात. कुणी विचारत नाही.

औषध शेवटी कसं मिळालं तेही सांगते. ठाण्याच्या मावसबहिणीने एक पट्टी घेऊन एसटीच्या कंडक्टरकडे दिली, तोवर डॉक्टरांशी फोनवर बोलून डोस सांभाळला. गोळ्या संपत आल्या तर आधी डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने डोस निम्मा करून पुरवायला जाऊ नका. मग आमच्याच आळीतल्या मेडिकलवाल्या काकांना प्रिस्क्रिप्शन दाखवलं. ते म्हणाले, "आधी का नाही बोललीस? कोल्हापूरच्या स्टॉकिस्टकडून मागवतो." त्यांनी मागवल्या. पक्कं बिल, बॅच नंबर, एक्सपायरी, सगळं पट्टीशी जुळवून घेतलं. तुम्हीही जुळवूनच घ्या. ज्या हॉस्पिटलने औषध लिहून दिलं तिथल्या समाजसेवा विभागालाही विचारा, पण नंबर डिस्चार्ज कार्डवरचा लावा, मोबाइलवर शोधून काढलेला नको.

चिपळूण, खेड, गुहागरकडे कुणाच्या मुलाला हे औषध लागत असेल तर मला विचारा, मेडिकल कोणतं ते सांगेन. फक्त प्रिस्क्रिप्शनचा फोटो मला पाठवू नका. कागद घेऊन दुकानात जा.