रेसिंग सिम्युलेटरचं कॉकपिट: आठ महिन्यांनंतर, पैसे कुठे वसूल झाले

इटलीतल्या मोंझा रेस ट्रॅकचा मुख्य सरळ पट्टा संपतो तिथे जीटी३ वर्गातली रेसिंग गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असते आणि पुढच्याच क्षणी पहिल्या शिकेनसाठी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांसाठी, ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या रेसिंगमध्ये हा ब्रेक मी दीड वर्ष टेबलाला क्लॅम्प केलेलं स्टिअरिंग आणि ऑफिसची चाकांची खुर्ची घेऊन मारत होतो. दर वेळी खुर्ची मागे जायची आणि पेडल भिंतीकडे. नेमका किती दाब दिला, हे पायाला कधी कळलंच नाही.

स्टिअरिंग लॉजिटेक जी२९, सेकंडहँड, १६,००० रुपयांना घेतलेलं. पहिलं कॉकपिट, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल धरून ठेवणारा सांगाडा, घडी होणारं घेतलं, १४,००० रुपये. फ्लॅटमध्ये जागा वाचेल हा विचार. ते मी परत घेणार नाही. जोरात ब्रेक दाबला की पेडलची पट्टी बोटभर वाकायची, स्टिअरिंगचा खांब हलायचा आणि घडी तर महिन्याभरात घालायचीच बंद झाली, कारण उघडल्यावर प्रत्येक वेळी सीट आणि पेडलचं अंतर पुन्हा जुळवावं लागायचं. शेवटी ८,००० ला विकलं.

मग भोसरीतून ॲल्युमिनियमचे प्रोफाइल, म्हणजे खाचा असलेले लांब बार, कापून आणले. खाली आणि स्टिअरिंगच्या खांबांना ४० बाय ८० मिलिमीटरचे, बाकी ठिकाणी ४० बाय ४०. ब्रॅकेट, प्रोफाइलच्या खाचेत सरकणारे टी-नट आणि एम८ बोल्ट धरून ३१,००० झाले. सीट भंगारातली, जुन्या स्विफ्टची, रुळांसकट ३,५०० ला. दोन रविवार एलन की घेऊन बसलो. एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं: सगळे बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. आधी सैल ठेवून गुण्यात आणायचं, मग कर्णाकर्णी आवळायचं. पहिल्या वेळी मी तसं केलं नाही आणि सीट डावीकडे कललेली राहिली. स्टिअरिंगच्या हादऱ्यांनी बोल्ट ढिले होतात, म्हणून दर महिन्याला एकदा सगळ्यांवरून हात फिरवतो.

खरा फरक पडला तो लोड सेलच्या ब्रेकने. साधा ब्रेक पेडल किती खाली गेलं ते मोजतो, लोड सेल किती दाब पडला ते मोजतो. खऱ्या गाडीतही आपला पाय दाबच लक्षात ठेवतो, अंतर नाही. १७,००० ला घेतला आणि आठवडाभर पोटऱ्या दुखल्या. मोंझाला माझ्या लॅपच्या (ट्रॅकच्या एका फेरीच्या) वेळांत आधी दीड-दोन सेकंदांची तफावत असायची, आता सलग दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या आत येतात. पण हा ब्रेक घडीच्या कॉकपिटवर लावला असता तर पैसे वाया गेले असते, कारण चाळीस किलोचा दाब झेलायला मागे न हलणारा सांगाडा लागतो. शिवाय असं वेगळं पेडल जी२९ च्या बेसमध्ये, म्हणजे चाकामागच्या मोटरच्या डब्यात, थेट लागत नाही, यूएसबीने जोडावं लागतं. पीसीवर अडचण येत नाही. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्यांनी चालेल का, ते विकत घेण्याआधी विचारून घ्यावं.

बाबा एसटीत २८ वर्षं ड्रायव्हर होते. गावाहून आले तेव्हा त्यांना बसवलं. त्यांनी स्टिअरिंगला हातच लावला नाही. आधी सीट दोन खाचा पुढे घेतली, मग पाय ब्रेकवर ठेवून म्हणाले, "अरे, टाच कुठे टेकवू? टाच अधांतरी असली की पाय थकतो, मग अंदाज चुकतो." दुसऱ्या दिवशी पेडलच्या खाली ३०० रुपयांची पट्टी बसवली. इतक्या कमी पैशांत इतका फायदा दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

त्रासही सांगतो. ब्रेकचा धप्प आवाज स्लॅबमधून खालच्या काकूंच्या बेडरूममध्ये जायचा. रबराची जाड मॅट घातली (१,८०० रुपये), रात्री दहानंतर खेळणं बंद केलं, तेव्हा मिटलं. पाच बाय दोन फुटांची जागा कायमची गेली. आणि गाडीच्या सीटचा फोम मऊ असतो, ब्रेक मारताना पाठ मागे रुतते.

घडीच्या कॉकपिटमधले बुडालेले ६,००० धरून एकूण ७५,६०० झाले. पीसी आणि स्क्रीन आधीच होते. आठवड्याला साधारण पाच तास धरले तर आठ महिन्यांत १७५ तास, म्हणजे तासाला ४३० रुपये. आधी कार्टिंगला जायचो, तिथे दहा लॅपचे ७०० जायचे आणि ते दहा मिनिटांत संपायचे. कार्टमध्ये मानेला, बरगड्यांना जो झटका बसतो तो इथे नाही, तेवढं मान्य.

लोक पहिला प्रश्न डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे मधे गिअर न ठेवता चाक थेट मोटरवर बसवलेल्या स्टिअरिंगचा, विचारतात. मित्राचा तसला बेस, मोझा आर५, आठवडाभर माझ्या सांगाड्यावर लावून पाहिला. जी२९ ची चाक फिरवायची ताकद सव्वादोन न्यूटन-मीटरच्या आसपास, त्याची साडेपाच. गिअरची खडखड नाही, मागच्या चाकांची पकड सुटायला लागली की हातांना आधीच समजतं. सुंदर वस्तू आहे. तरी माझे लॅप त्या आठवड्यात सेकंदाच्या दोन दशांशानेच सुधारले, म्हणून जी२९ चे गिअर चालताहेत तोवर थांबणार आहे. प्रोफाइलला भोकं पाडावी लागत नाहीत, टी-नट सरकवून बेस बदलता येतो, त्यामुळे सांगाडा हाच राहील. त्याआधी बकेट सीट, म्हणजे अंगाला घट्ट धरून ठेवणारी रेसिंगची सीट, घ्यायची आहे, पण कमरेचं माप घेऊन आणि दुकानात निदान अर्धा तास बसून बघितल्यावरच.