जोशीमठचं घरगुती लॉज: बद्रीनाथला आईवडिलांना नेणार असाल तर इथे थांबा

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. साठीच्या पुढच्या माणसांना घेऊन बद्रीनाथला जात असाल तर जोशीमठात निदान दोन रात्री काढा, आणि त्या मेन रोडवरच्या चारमजली हॉटेलात नाही तर बाजारातून नृसिंह मंदिराकडे उतरताना जी घरं लागतात तिथल्या एखाद्या घरगुती लॉजमध्ये काढा. आम्ही ज्या घरी होतो त्याला नाव नाही, भिंतीवर 'कमरे उपलब्ध हैं' एवढंच रंगवलेलं, खाली घरमालक राहतात आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या. आईबाबा सोबत होते आणि दोघांनाही तिथून निघावंसं वाटत नव्हतं, यातच काय ते आलं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचे. मे महिन्यात आपल्याकडे वावरात काही नसतं, वखरणी झालेली, ऊन 44-45 वर गेलेलं, आणि मृग लागला की पेरणीची धावपळ सुरू, मग शेतकऱ्यानं हिमालयात जायचं कधी तर याच दिवसांत. बद्रीनाथची कपाटं, म्हणजे मंदिराची दारं, एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या सुरुवातीला उघडतात त्यामुळे जमून जातं. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, आणि पुढे ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटर डोंगराचा रस्ता, देवप्रयाग रुद्रप्रयाग कर्णप्रयाग नंदप्रयाग करत करत. हा रस्ता एका दिवसात होतो पण अंग पार मोडून जातं आणि दरड आली तर गाडी तासन् तास उभी, हे धरूनच चला.

आता मुक्काम कशाला एवढा, तर आपण हजार-पंधराशे फुटांवर राहणारी माणसं, जोशीमठ 6,000 फुटांवर, बद्रीनाथ 10,000 च्या वर. मध्ये शरीराला सवय व्हायला वेळ लागतो बाप्पा. आपल्या भागातून जाणाऱ्या टूरच्या कागदावर 'मुक्काम जोशीमठ' छापलेलं असतं, पण गाडी पोचते रात्री दहाला आणि पहाटे चारला सगळ्यांना उठवून पुन्हा बसवतात. आमच्या गावच्या एक काकू अशाच गेल्या होत्या, वर मंदिरापाशी दम लागून रांगेतच खाली बसल्या, दर्शन कसंबसं झालं. आयुष्यात एकदा जाणाऱ्या माणसाला असं पळवणं मला तरी पटत नाही, पैसे तर पूर्ण घेता ना.

खोली साधी आहे. पलंग, जाड रजाया, खिडकीतून समोर हाथी पर्वत, सकाळी त्याच्यावर ऊन पडलं की बाबा खुर्ची ओढून तिथेच बसायचे. गीझर नाही, गरम पाणी बादलीनं मिळतं आणि तेही सकाळीच, संध्याकाळी पाहिजे असेल तर दुपारी सांगून ठेवा. रात्री चांगली थंडी पडते, मे आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. बाथरूम स्वच्छ. एक अडचण मात्र खरी आहे, रस्त्यापासून घरापर्यंत दगडी पायऱ्या आहेत आणि गाडी वरच लावावी लागते, गुडघ्याचा त्रास असेल तर बॅगा तिथल्या पोराला देऊन हळूहळू उतरा. मोबाईलची रेंज खिडकीपाशी मिळते, आत नाही.

जेवण, याबद्दल जितकं लिहावं तितकं कमी. पहिल्या रात्री घरच्या ताईंनी मंडुव्याची रोटी, गहतची डाळ आणि वर तुपाची धार असं वाढलं. मंडुवा म्हणजे नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ, त्यामुळे पोटाला काहीच त्रास नाही, हॉटेलातल्या तेलकट पनीरपेक्षा शंभर पट बरं. आईची एकादशी होती तर तिला झंगोऱ्याची खीर करून दिली, झंगोरा आपल्या भगरीच्याच जातीचा. आई म्हणाली, "अवो, हे तं आपलीच भगर हाये, एवढ्या दूर डोंगरात!" मग तिनं पिशवीतून जवसाची चटणी काढून ताईंना दिली, ताईंना ती तिखट लागली पण भांगजिरा म्हणून तिकडचं एक तेलबी आहे, त्याच्या चटणीची आठवण झाली म्हणाल्या, आणि दोघी चुलीपाशी बसून अर्धा तास बोलत होत्या, एक वऱ्हाडी हिंदीत आणि एक गढवाली हिंदीत. बुरांशच्या लाल फुलांचं सरबतही मागा, घरीच करतात. भाज्या मात्र रोज त्याच त्या, बटाटा आणि राई म्हणजे मोहरीचा पाला, हे आधीच माहीत असू द्या.

आता सगळे विचारतात ते. जमीन खचली होती ना तिथे? हो, जानेवारी 2023 मध्ये 800 च्या वर घरांना तडे गेले, लोकांना घरं सोडावी लागली, एकमेकांवर झुकलेली दोन मोठी हॉटेलं पाडावी लागली. आणि हे अचानक नव्हतं, 1976 मध्येच सरकारनं नेमलेल्या मिश्रा समितीनं सांगितलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर बसलंय, मोठी बांधकामं करू नका, उतारावरचे दगड काढू नका, झाडं लावा. ऐकलं कोणी नाही. म्हणून मी चारमजली हॉटेल नको म्हणतो, त्या उतारावर तेवढं वजन चढवणाऱ्याला आपला पैसा कशाला द्यायचा. आमच्या घरमालकांनी न विचारता स्वतः नेऊन मागच्या भिंतीची भेग दाखवली, कधी पडली, किती वाढली, कुठे बुजवली सगळं सांगितलं, आणि त्या बाजूची खोली ते पाहुण्याला देतच नाहीत. असा माणूस असला की विश्वास बसतो. तुम्ही कुठेही उतरा, पैसे देण्याआधी भिंती आणि फरशी पाहून घ्या, विचारायला लाजू नका.

दिवसभर करायला बरंच आहे. नृसिंह मंदिर पायी पाच मिनिटांवर, हिवाळ्यात बद्रीनाथ बंद झालं की शंकराचार्यांची गादी इथे येते. मूर्तीचा एक हात बारीक होत चाललाय आणि तो गळून पडला की बद्रीनाथची वाट बंद होईल, मग पूजा भविष्य बद्री नावाच्या दुसऱ्या मंदिरात होईल, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. वरच्या अंगाला ज्योतिर्मठ आणि कल्पवृक्ष म्हणतात ते तुतीचं भलंमोठं झाड, आईनं त्याला हात लावून डोळे मिटले ते बराच वेळ. गावाच्या वर डोंगरावर औली आहे, तिथला रोपवे 2023 मध्ये बंद झाला, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होता, जीपनं जावं लागलं. पण जा. तिथून नंदादेवीचं शिखर दिसतं, आणि पाय चांगले असतील तर गोरसों बुग्यालपर्यंत (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं गवताचं कुरण) चालत जा, सकाळी लवकर निघा कारण दुपारनंतर ढग येतात. ज्यांना ट्रेक करायचाय पण घरच्यांना दर्शन पाहिजे, त्यांच्यासाठी तर हे गाव एकदम बरोबर, एकजण बुग्यालला आणि बाकीचे मंदिरात. तपोवनच्या रस्त्यानं पुढे रैणी गाव आहे, 1974 मध्ये गौरा देवी आणि तिथल्या बायांनी झाडांना मिठी मारून जंगल वाचवलं ते हेच. मुलं सोबत असतील तर त्यांना नक्की सांगा.

बद्रीनाथ इथून 45 किलोमीटर, सकाळी शेअर जीप मिळतात. आम्ही पहाटे निघालो, तप्तकुंडात आंघोळ, दर्शन, संध्याकाळी परत आपल्या खोलीवर, बाबांचा बीपी एकदम बरोबर राहिला आणि आईला कुठेच दम लागला नाही. मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्या डॉक्टरांनाही काळजी होती.

भाडं दीड हजाराच्या आतबाहेर, जेवण वेगळं. तिसरी रात्र राहिलो तर त्यांनी स्वतःहून कमी केलं. यूपीआय चालतं पण रेंज गेली की अडतं, रोख जवळ ठेवा. यात्रेचं रजिस्ट्रेशन घरूनच ऑनलाइन करून निघा, आम्ही गेलो तेव्हा त्याला पैसे लागत नव्हते. आणि खोली बघताना मंदिराच्या बाजूची मागा, तिकडून पायऱ्या कमी पडतात.