लाइटरूमच्या पैशातच वेबसाइट: अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ

फोटो एडिट करायच्या अ‍ॅडोबीच्या लाइटरूमचे पैसे 3 वर्षं भरतोय, पण त्यातच फोटोंची वेबसाइट बनवायचं अ‍ॅडोबी पोर्टफोलिओ मिळतं हे आत्ता कळलं. त्याआधी एका डिझायनरला आगाऊ पैसे देऊन बसलो होतो. साइट काही आली नाही, 'होऊन जाईल दादा' मात्र दर आठवड्याला यायचं.

शेवटी ठाण्याच्या नौपाड्यात घरी बसून एका रविवारी स्वतःच केली. लाइटरूममधला अल्बम थेट आत घेता येतो. पाडव्याच्या शोभायात्रेचे 300 फोटो होते, ठेवले 22. बुलेटवरच्या नऊवारीवालीचा केशरी फेटा साइटवर फिका दिसत होता. फाइल अ‍ॅडोबी आरजीबी या कलर स्पेसमध्ये (रंग साठवायच्या पद्धतीत) होती. वेबसाठी वापरतात त्या एसआरजीबीत एक्सपोर्ट केल्यावर खुलला. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, हवं असेल तर वेगळं घ्यावं लागतं. प्रिंट विकायच्या असतील तर सरळ वर्डप्रेस-वूकॉमर्स (वेबसाइट आणि तिच्यावर ऑनलाइन दुकान) करा. मला लग्नाचे फोटो काढायची कामं हवीत, त्याला हे चालतंय. आई मोबाइलवर बघून म्हणाली, "यात माझा एकही फोटो नाही?"