वाळपईच्या पुढचं गावच्या लोकांचं म्युझियम: 5 पैकी 4, एक मार्क का कापला तेही लिहिलंय

आधीच सांगते, गावाचं नाव मी टाकत नाहीये. म्युझियम चालवणाऱ्यांनीच सांगितलं की बाय, लिहायचं ते लिही पण नाव नको, मागे कोणीतरी रील टाकली आणि एका रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आली, टॉयलेट एक, सावली एका आंब्याची, आणि आलेल्यांना हवं काय तर बैलगाडीवर बसून फोटो. तर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून पुढे, म्हादई नदीच्या अंगाला, एवढंच. ज्याला खरंच बघायचंय त्याने वाळपईच्या बाजारात विचारावं, सांगतात लोक.

जागा म्हणजे गावातली जुनी मराठी प्राथमिक शाळा. पट कमी झाला, शाळा बंद पडली, इमारत रिकामी पडून होती, पावसात कौलं सरकायला लागली तेव्हा वाड्यावाड्यातल्या लोकांनी मिळून ती म्युझियमला घेतली. दोन मोठे वर्ग, एक व्हरांडा, मागे खोप. फळा अजून भिंतीवरच आहे आणि त्यावर आज कोण ड्युटीवर आहे त्याचं नाव खडूने लिहिलेलं असतं. तिकीट नाही. दाराशी स्टीलचा डबा ठेवलाय, टाकायचे तेवढे टाका, नाही टाकले तरी कोणी बघत नाही.

गोव्यात ह्या प्रकारची म्युझियमं नाहीत असं नाही. बाणावलीचं गोवा चित्र बहुतेकांनी बघितलं असेल, विक्टर ह्यूगो गोम्स यांनी जमवलेल्या शेतीच्या आणि घरगुती वस्तूंचं, कलेक्शन प्रचंड आहे आणि मांडणी एक नंबर. लोटलीचं बिग फूटवालं पण आहे, तिथे जुन्या गावाचा देखावाच उभा केलाय. दोन्हीकडे जरूर जा. पण ती एकेका माणसाच्या ध्यासातून उभी राहिलेली, आणि हे जे आहे ते पंचवीस-तीस घरांनी आपापल्या माळ्यावरून उतरवून आणलेलं सामान आहे. फरक आत शिरल्याशिरल्या कळतो.

कळतो कसा, तर वस्तू जागेवर नसतात. खरंच सांगते. पहिल्या वर्गात शिरलो तर कोपऱ्यात एक गोल डाग, जमिनीवर, आणि भिंतीला चिट्ठी: ‘भाण वरच्या वाड्यावर बारशाला गेलंय, मंगळवारी येईल’. भाण म्हणजे तांब्याचं मोठं भांडं. मला आधी वाटलं गंमत म्हणून लावलीय. मग ड्युटीवरच्या काकींनी वही दाखवली. प्रत्येक वस्तू कोणत्या घरची, कधी आली, आणि घरच्यांना लागली तर परत न्यायची मुभा, असं सगळं त्यात लिहिलेलं. निम्म्याहून जास्त सामान म्युझियमच्या मालकीचं नाहीच, ठेवायला दिलेलं आहे. माटोळीची लाकडी चौकट चवथीला खाली उतरते आणि घरी जाते, तिला नारळाची पेंड, सुपारीचे घड, कवंडळं, कांगलं असं सगळं बांधून पाच-सात दिवस गणपतीवर मिरवते आणि मग पुसून पुन्हा इथे. तांब्याची भांडी नेणाऱ्याने घासून परत द्यायची हा नियम, त्यामुळे म्युझियमला पितांबरीचा खर्च नाही, काकी हसत सांगत होत्या, बिंबलांनी (आंबट फळं ती) घासून आणतात म्हणून इतकी लखलखतात.

मला हे जाम आवडलं. काचेच्या पेटीत ठेवलेला तांब्या बघून आपण ‘अच्छा’ म्हणतो आणि पुढे जातो, इथे कळतं की हे भांडं गेल्या आठवड्यात चुलीवर होतं, बुडाला काजळी आहे. हात लावू नका अशी पाटी कुठेच नाहीये, उलट माझ्या पोरीने हात मागे बांधून बघायला सुरुवात केली (शाळेने शिकवलंय) तर काकी म्हणाल्या, ‘अगो हात लावून पळय, मोडना तें.’ मग काय, पोरगी रगड्यावर बसली ते उठायलाच तयार नाही.

स्वयंपाकाचा वर्ग सगळ्यात भरलेला आहे. आदोळी, रगडा, जातं, वान आणि मुसळ, मातीची मडकी, कुंडली, करवंटीच्या डवल्या, सुपं, धान वाळवायच्या दाळ्या. माझ्या सासूबाईंचं माहेर पेडण्याचं, त्या गाडीतून उतरताना ‘आमच्या घरातला कचरा बघायला एवढ्या लांब’ असं पुटपुटत होत्या, आणि आत आल्यावर पाच मिनिटांत काकींशी वाद घालायला लागल्या. विषय उकड्या तांदळाचा. भात रात्रभर भिजवायचा, उकळायचा, साल फुटायला लागलं की काढून दाळीवर वाळवायचा आणि मग कांडायचा, इथपर्यंत दोघींचं जमलं. पण एकदा उकडायचा की दोनदा ह्यावरून जे जुंपलं! शेवटी काकींनी आत फोन लावून त्यांच्या आईला विचारलं, तिने तिसरंच काहीतरी सांगितलं. गाइड वगैरे भाड्याने घ्यायची गरज नाही, घरातलं कोणी सत्तरीच्या पुढचं माणूस बरोबर घेऊन जा, म्हणजे वयाने सत्तरीच्या पुढचं, दुप्पट बघून होतं.

दुसऱ्या वर्गात शेती. नांगर, जू, गुटो, इरली, कोयते, बैलांच्या गळ्यातल्या घाटी. इथे कुमेरीवर एक भिंत आहे आणि ती बघाच. डोंगरउतारावरचा जंगलाचा तुकडा तोडायचा, पावसाच्या आधी जाळायचा, त्या राखेत नाचणी नाहीतर वरी पेरायची, पीक घेतलं की जमीन सोडून पुढे सरकायचं आणि मागे जंगल परत उगवू द्यायचं, अशी ती पद्धत. आता माणसं वाढली, जमीन पडीक ठेवायला जागा नाही, जंगलाचे कायदे आले, आणि 1999 मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा कुमेरी जवळपास संपलीच. भिंतीवर हे सगळं शाळकरी अक्षरात लिहिलंय, बहुतेक गावातल्याच कुठल्यातरी मुलाने, आणि शेजारी खऱ्या नाचणीची कणसं टांगलीत. दरवर्षी नवीन टांगतात म्हणे कारण उंदीर खातात.

मागच्या खोपीत काजूची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी. ही शोभेची नाही, मार्च ते मे चालू असते, म्हणून जायचं तर त्या दिवसांत जा. आम्ही गेलो तेव्हा सीझन नव्हता, तरी एका काकांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. बोंडू, म्हणजे काजूची फळं, कोळंबीत (तुडवायची जागा) टाकून पायाने तुडवायचे, उरलेल्या चोथ्याची ढेप करून ती नुडीच्या वेलीने गच्च बांधायची आणि वर दगडाचं वजन ठेवायचं, त्यातून जो हळूहळू टपकतो तो नीरो, तुडवलेल्या रसापेक्षा गोड आणि स्वच्छ, तो लगेच प्यायचा. तुडवलेला रस आंबायला ठेवायचा, मग भाणात घालून खाली जाळ, वाफ नळीतून लवणीत, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, लवणीवर गार पाणी मारत राहायचं. पहिल्या धारेचा हुर्राक, त्यात परत रस मिसळून दुसऱ्यांदा काढली की फेणी. फेणीला 2009 मध्ये जीआय टॅग मिळाला हे त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि लगेच पुढे, ‘टॅग मेळ्ळो, पण बोंडू एकठांय करपाक मनीस मेळना.’ काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं आणि आता सत्तरीचा अर्धा डोंगर त्यावर जगतो. मागची भाणं मातीची आणि तांब्याची दोन्ही ठेवलीत, शेजारशेजारी, फरक बघता येतो. फक्त आंबवायला आता प्लास्टिकचे निळे ड्रम वापरतात आणि ते पण त्यांनी लपवलेले नाहीत, हे बरं केलं. नाहीतर अशा ठिकाणी जुनं तेवढंच दाखवायचं आणि प्लास्टिक पडद्याआड ढकलायचं अशी सवय असते.

आता एक मार्क का कापला.

मापांचं एक टेबल आहे, पायली, कुडव वगैरे, लाकडी आणि पितळी, छान जुनी. वीस कुडव म्हणजे एक खंडी हे पोरीने वाळू मोजून मोजून पाठ केलं. खाली पाटी काय, तर ‘धान्य मोजण्याचे साधन’. बस्स? अहो त्याच कुडवाने कुळाच्या खळ्यावर भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, वाटा मोजला जायचा. आम्हाला भाटी दाखवणाऱ्या काकांना मी विचारलं तर ते म्हणाले की त्यांच्या आज्याच्या घरात पिकवलेलं धान पौषापर्यंत पुरायचं नाही, त्यानंतर नाचणी आणि कणगं (कंद). हे त्यांना तोंडपाठ आहे पण भिंतीवर कुठेच नाही. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) कायदा, 1976 ची कसेल त्याची जमीन वाली दुरुस्ती, सत्तरीतला मोकासोचा, म्हणजे जुन्या इनाम जमिनींचा, घोळ जो अजून निस्तरलेला नाही, ह्यातलं एक अक्षर नाही. कारण मला कळतं. समितीत भाटकारांच्या घरातले पण आहेत आणि कुळांच्या घरातले पण, वस्तू दोघांनीही दिल्यात, आणि एका गावात राहायचंय. तरीपण. नांगर कोणाच्या घरून आला ते वहीत लिहिता तर तो कोणाच्या शेतात चालला ते पण लिहा की.

तसंच बांबूच्या कामाचं. सुपं, दाळ्या, शिबडी, एवढं सुंदर विणकाम, सगळ्यांच्या खाली देणाऱ्या घराचं नाव आहे, विणणाऱ्याचं कुठेच नाही. विणणारी माणसं गावाच्या कडेच्या वाड्यावर अजून राहतात, त्यातली एक म्हातारी अजून विणते असं काकींनीच सांगितलं. मग तिला एक रविवार बोलवा, मजुरी द्या, समोर बसून विणू दे. मी हे अभिप्रायाच्या वहीत पण लिहून आलेय, तेव्हा पाठीमागे बोलले असं कोणी म्हणू नये. काकी म्हणाल्या मीटिंगमध्ये वाचतात सगळं. बघू.

आणि खाणी. पिसुर्ले, सोनशी हा सगळा पट्टा सत्तरीतलाच, ट्रक आले तेव्हा घरटी एकाने तरी बैल विकून ट्रकचं लोन काढलं, 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि हप्ते राहिले. ‘नांगर चुलीत गेले ते त्याच वर्सांनी,’ असं काका म्हणाले. म्हणजे इतके कमी नांगर का उरले ह्याचं उत्तर त्यांच्याकडे आहे, आणि म्युझियममध्ये फक्त उरलेले तीन नांगर आहेत. एक ट्रकचं स्टीअरिंग आणून ठेवा त्यांच्या शेजारी, मी मनापासून सांगतेय. तेही आता जुन्या गावजीवनातच जमा झालंय.

बाकी बारीकसारीक: दुसऱ्या वर्गात उजेड कमी आहे, वाळवीने एका जुवाचं टोक खाल्लंय, त्याला रॉकेल लावतात पण कोणीतरी जाणकार माणूस बोलवायला हवा. पाट्या मराठीत आहेत, काही कोकणीत, इंग्रजी नाही, त्यामुळे बाहेरच्या पाहुण्यांना नेलं तर तुम्हालाच बोलावं लागेल. टॉयलेट स्वच्छ पण पाणी बादलीने.

जेवण ऑर्डरवर, माणशी दीडशे रुपये, बचत गटाच्या बायका करतात. उकडी पेज, चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी), सुक्या बांगड्याची किसमूर, कुळथाची कढी आणि शेवटी नाचणीचं सत्त्व, गुळाचं. शाकाहारी असाल तर किसमुरीच्या जागी खोबऱ्याची चटणी आणि भाजी देतात. पेज अशी की माझ्या नवऱ्याने, जो घरी पेज म्हटलं की आजारी आहे का विचारतो, त्याने दोनदा मागून घेतली. सासूबाईंनी तोरात मीठ जास्त आहे असं सांगितलं आणि बरणीभर विकत घेतलं. हुर्राक सीझनला मिळतो का विचाराल तर मिळतो, पण गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा, परतीचा रस्ता वळणांचा आहे.

उघडं फक्त रविवारी, सकाळी दहा ते एक आणि तीन ते पाच, मधे ड्युटीवाल्या घरी जेवायला जातात आणि कुलूप असतं, वाद घालू नका. गावात लग्न किंवा जत्रा असेल तर रविवारी पण बंद, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा, जेवणाची ऑर्डरपण तेव्हाच द्या. कदंबची बस वाळपईपर्यंत भरपूर, पुढे कमी, स्वतःची गाडी बरी. कॅश न्या, रेंज नसते त्यामुळे जीपे अर्ध्या वेळा चालत नाही. आणि जूनपासून पुढे दोन-तीन महिने जायचं असेल तर मुलांना फुल पँट घाला, मागच्या खोपीच्या वाटेवर जळवा असतात.