सापासाठी कंप्रेसर नेब्युलायझर: वापरानंतरचं माझं मत

माणसांच्या दम्यासाठी मिळतो तोच साधा कंप्रेसर नेब्युलायझर (औषधाचा किंवा सलाईनचा बारीक फवारा करणारं यंत्र) मी माझ्या बॉल पायथन जातीच्या अजगरासाठी, शेवंतीसाठी, तिला श्वसनसंसर्ग झाला तेव्हा वापरला. मत आधीच सांगते: यंत्र चांगलं आहे, आजारी सापाला त्याने खरोखर आराम पडतो आणि पुन्हा वेळ आली तर मी हेच घेईन. पण हे औषधोपचाराच्या जोडीला वापरायचं यंत्र आहे. साप तोंड उघडून श्वास घेतोय म्हणून डॉक्टरांकडे न जाता हे मागवणार असाल, तर ते पैसे आधी तपासणीवर खर्च करा.

सापाला श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) नसतं, त्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ होऊन वाहत नाही, घट्ट भुसभुशीत गोळा होऊन बसतो. फुप्फुसाचा मागचा भाग म्हणजे जवळजवळ नुसती हवेची पिशवी. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून इंजेक्शनने दिलेलं औषधही तिथे कमीच पोचतं. वाफाऱ्याचं (नेब्युलायझरच्या फवाऱ्याला मी वाफारा म्हणते) काम इथे सुरू होतं. सलाईनचे अतिसूक्ष्म थेंब आत जाऊन कफ ओला आणि सैल करतात आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर औषधही थेट श्वासमार्गात नेतात. थेंब 5 मायक्रॉनपेक्षा लहान असतील तरच ते खोलवर जातात. मोठे थेंब नाकातोंडातच बसतात. खोलीत ओलावा आणणारा ह्युमिडिफायर यासाठी चालत नाही तो त्यामुळेच. गरम पाण्याची वाफ तर अजिबात नको, साप भाजतो.

शेवंतीच्या आजाराची पहिली खूण आवाज नव्हती. ती डोकं वर करून, मान ताणून तासन् तास एकाच जागी राहू लागली. मग श्वास सोडताना टिकटिक ऐकू येऊ लागली आणि नाकपुडीशी बुडबुडा दिसला. (कात टाकताना नाकपुडीत कातडीचा तुकडा अडकला तरी शिट्टीसारखा आवाज येतो. पण तेव्हा तोंड स्वच्छ असतं आणि तुकडा निघाला की आवाज थांबतो.) डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे उघडते, डोळ्यांना दिसेल अशी. घशावरून बोट हलकेच पुढे सरकवलं तर त्या फटीतून पिवळसर चिकट स्राव वर आला. तोवर मला हा आजार फक्त आवाजावरून ठाऊक होता. तो स्राव पाहिल्यावर वाफाऱ्याची गरज वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

श्वासनलिकेत थोडं सलाईन सोडून परत ओढून त्याचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं, त्यात स्यूडोमोनास हा जिवाणू सापडला. सापांच्या श्वसनसंसर्गात तो नेहमी भेटतो. एरोमोनास, क्लेबसिएला, प्रोटियस हेही असतात. म्हणूनच अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करू नये. आम्हाला सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक दिलं गेलं, दर 72 तासांनी इंजेक्शन, शरीराच्या पुढच्या भागातल्या स्नायूत. दोन इंजेक्शनांमधलं अंतर पाहून घाबरू नका. सापाच्या शरीरातून औषध सावकाश बाहेर पडतं आणि तापमान बदललं की तो वेगही बदलतो. एन्रोफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं इंजेक्शन फार झोंबतं, त्या जागेचं मांस खराबही होऊ शकतं. अमिकासिन या आणखी एका अँटिबायोटिकचा भार मूत्रपिंडावर पडतो, त्यामुळे ते चालू असताना शरीरातलं पाणी नीट राखावं लागतं. मात्रा सापाच्या वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता यंत्राबद्दल. कंप्रेसरमधून दाबाने हवा येते, नळीवाटे औषध भरायच्या कपात शिरते आणि सलाईनचा धुरकट फवारा करते. मी मास्क काढून कपाचं तोंड झाकणाच्या प्लास्टिक डब्याला पाडलेल्या भोकात बसवलं. डब्याला समोरच्या बाजूने आणखी भोकं हवीतच; आतली हवा बाहेर पडली नाही तर नवा फवारा आत शिरत नाही आणि साप गुदमरतो. डबा सापाला वेटोळं घालून बसता येईल एवढाच घ्यावा. मोठ्या डब्यात फवारा विरतो आणि साप कोरडा कोपरा शोधून तिथे जाऊन बसतो.

यंत्राची सगळ्यात मोठी अडचण मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नाही, ती थर्मामीटरने दाखवली. या प्रकारच्या नेब्युलायझरमधलं सलाईन बाष्पीभवनामुळे थंड होत जातं आणि फवाराही गार येतो. माणसाला त्याचं काही वाटत नाही. सापाची प्रतिकारशक्ती मात्र बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालते, आणि आजारपणात त्याला नेहमीच्या पल्ल्याच्या वरच्या टोकाला ठेवायचं असतं. बॉल पायथनला उबेची जागा 31 ते 33 अंश सेल्सियस लागते. वाफारा सुरू करून डब्यातला आकडा पाहिला तर तो सरसर खाली येत होता. तेव्हापासून डबा थर्मोस्टॅटवर (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारं उपकरण) लावलेल्या हीट मॅटवर अर्धा टेकवून ठेवते, सलाईन आधी खोलीच्या तापमानाला आणते आणि थर्मामीटरचा सेन्सर डब्याच्या आत, सापाच्या उंचीवर लावते. एवढं केलं की प्रश्न सुटतो. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार आवाजाची, त्याहीपेक्षा थरथरीची. जमिनीतून आणि टेबलातून येणारी कंपनं सापाला आपल्या कल्पनेपेक्षा फार जास्त जाणवतात. कंप्रेसर डब्याच्याच टेबलावर ठेवला तेव्हा शेवंती सतत डोकं आपटत बाहेरची वाट शोधत होती. यंत्र खाली, घडी घातलेल्या जाड कापडावर ठेवलं आणि नळी लांब घेतली, तशी ती शांत बसू लागली. म्हणून घेताना नळीची लांबी पाहा; आखूड नळी ही माझ्या लेखी मोठी उणीव आहे.

मेश नेब्युलायझर (कंप्रेसरऐवजी बारीक जाळीतून फवारा करणारा) मी साप पाळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे पाहिला. जवळजवळ आवाजच नाही, आकार मुठीएवढा, फवाराही एवढा गार होत नाही. भित्र्या सापासाठी तो चांगलाच. पण त्याची बारीक जाळी दाट औषधाने तुंबते, आणि एकदा तुंबली की फवारा हळूहळू मंदावतो, पटकन लक्षातही येत नाही. उपचार लांबणार असेल तर दणकट कंप्रेसरच बरा. मात्र बऱ्याच कंप्रेसरना सलग किती वेळ चालवायचं याची मर्यादा असते. ती वाचा आणि मध्ये थंड होऊ द्या. कपाच्या तळाशी थोडं औषध नेहमीच उरतं, ते पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, फेकून द्या.

स्वच्छतेत हयगय केली तर हेच यंत्र आजार वाढवतं. स्यूडोमोनासला ओलावा अतिशय प्रिय, आणि वापरून तसाच ठेवलेला कप म्हणजे त्याचं घरच. प्रत्येक वाफाऱ्यानंतर कपाचे भाग सुटे करून धुते, डॉक्टरांनी सांगितलेल्या जंतुनाशकात ठेवते, उकळून गार केलेल्या पाण्याने खंगाळते आणि पूर्ण वाळवते. नळीत दव धरलं असेल तर कप काढून यंत्र थोडा वेळ नुसतंच चालवते.

वाफाऱ्यानंतर ओठांच्या कडेला फेस दिसला तर बाहेरूनच टिपून घ्यावा, तोंडात काही घालू नये. वाफारा चालू असताना साप जास्तच धापा टाकू लागला तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. आणि आवाज थांबला म्हणून इंजेक्शनं मध्येच सोडू नका. शेवंतीची टिकटिक औषधं संपण्याच्या बरीच आधी थांबली होती, तरी डॉक्टरांनी कोर्स पुरा करायला लावला, आणि तेच योग्य होतं.

काही आजारांपुढे हे यंत्र फारसं चालत नाही. 2014 मध्ये बॉल पायथनच्या जीवघेण्या श्वसनविकारात एक निडोव्हायरस सापडला. आता या गटाला सर्पेंटोव्हायरस म्हणतात. त्यावर औषध नाही. वाफाऱ्याने थोडा आराम मिळेल, पण साप बरा दिसत असला तरी इतरांना विषाणू देऊ शकतो. घरात एकापेक्षा जास्त अजगर असतील तर तोंडाच्या स्वॅबची पीसीआर तपासणी नक्की मागा. फुप्फुसातल्या जंतांवरही वाफारा उपयोगाचा नाही. आणि पेटीतलं तापमान कमी किंवा तळ सतत ओलागच्च राहिला, तर कितीही वाफारे द्या, संसर्ग परत येतो. थर्मोस्टॅट नसेल तर नेब्युलायझरच्या आधी तो घ्या.

घेताना एवढं पाहा: थेंबाचा आकार छापलेला असावा, कप आणि फिल्टर सुटे मिळावेत, नळी लांब असावी. जादा कप सुरुवातीलाच घेऊन ठेवा, प्रत्येक सापाला वेगळा, आणि त्यावर नाव लिहा. एकाचा कप दुसऱ्याला लावायचा नाही, धुतलेला असला तरी.